मापं घेतली, पण माया ठेवली का? कलचाचणी आणि दहावीनंतरची निवड

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षकखोलीत आठ-दहा दिवस एकच प्रश्न ऐकू येतो. "सर, पोरीला आता कुठं टाकू?" हे 'टाकू' मला वीस वर्षं खटकतंय. पोतं गाडीत टाकतात, मीठ आमटीत टाकतात. पण विचारणाऱ्याचाही नाइलाज असतो, कारण हातात दिवस थोडे असतात. अकरावीचा अर्ज, तंत्रनिकेतनाचा म्हणजे पॉलिटेक्निकचा अर्ज, आयटीआयचा अर्ज, तिन्हींची संकेतस्थळं वेगळी आणि तारखाही वेगळ्या. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरते होते. २०२५पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले. त्यामुळे आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही पालक सायबर कॅफेच्या बाकावर बसून दहा कॉलेजांचा पसंतिक्रम लावताना दिसतात.

असेच एक पालक मुलीला घेऊन आले. मुलीला ७८ टक्के. वडिलांच्या हातात स्पायरल बाइंडिंगचा रंगीत अहवाल, कुठल्याशा करिअर मेळाव्यात पैसे भरून काढलेला. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला आणि एका आलेखावर बोट ठेवलं. "सर, हे बघा. तांत्रिक ८८, आरोग्य ६१. म्हणजे तांत्रिकमध्ये डिस्टिंक्शनच की. पण ही म्हणती मला नर्स व्हायचंय. आता पोरीचं ऐकू का कागदाचं?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या दिवशी दहा मिनिटांत देता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

कल वेगळा, क्षमता वेगळी

आपण सरसकट 'कलचाचणी' म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. कल म्हणजे ओढ, काय करायला आवडेल ते. अभिक्षमता म्हणजे एखादं काम शिकवलं तर किती सहज जमेल, याचा अंदाज. भजनाला बसायची आवड असणारे गावात पुष्कळ असतात, पण सगळ्यांचा टाळ तालात पडतो असं नाही. आणि ज्याचा पडतो त्याला भजनाची गोडी असेलच, असंही नाही.

कल मोजणाऱ्या चाचणीत बरोबर-चूक उत्तरं नसतात. प्रश्न साधारण असे असतात: मोकळा वेळ मिळाला तर काय कराल? बिघडलेला पंखा उघडून बघाल, वर्गाच्या सहलीचा हिशेब ठेवाल, की आजारी माणसाजवळ बसाल? अशा शंभरेक प्रश्नांतून मुलाचं पारडं कुठे झुकतं ते दिसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९मध्ये मांडलेली सहा प्रकारांची विभागणी आजही बऱ्याच चाचण्यांच्या तळाशी असते: हातांनी वस्तू घडवणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन व्यवहार करणारे आणि नीटनेटकं, ठरल्या पद्धतीचं काम आवडणारे. कुणीच एका खणात पूर्ण बसत नाही. म्हणून सर्वांत ठळक दिसणारे दोन-तीन प्रकार एकत्र बघतात.

अभिक्षमता चाचणीत मात्र उत्तर चुकतं, आणि घड्याळही लावलेलं असतं. आकड्यांचे प्रश्न, शब्दांचे प्रश्न, यंत्रांचे प्रश्न, आणि एक प्रकार मुलांना फार गोंधळात टाकतो: कागदाची घडी उलगडली तर कोणता आकार दिसेल? याला अवकाशीय क्षमता म्हणतात. नाव जड आहे, पण ऐंशी सेंटिमीटर कापडातून बाहीसकट ब्लाउज कसा बसवायचा हे डोळ्यांनीच ताडणारी बाई ही क्षमता रोज वापरत असते.

आपल्या राज्यात २०१६पासून दहावीच्या मुलांची सरकारी कलचाचणी सुरू झाली, तेव्हा ती पहिल्या प्रकारची होती. कृषी, वाणिज्य, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक, ललित कला, मानव्यशास्त्र आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाची ओढ किती, ते त्यात कळायचं. अभिक्षमतेचे प्रश्न त्यात नंतर आले. पण पालकांनी पहिल्या वर्षापासून तिचा निकाल "याला हे जमेल" असाच वाचला. आवडीच्या कागदाला क्षमतेचा दाखला समजणं, ही पहिली चूक.

८८ म्हणजे डिस्टिंक्शन नव्हे

आता त्या ८८ कडे वळू. ते टक्के नव्हते, तो पर्सेंटाइल होता. सीईटी या प्रवेशपरीक्षेच्या निकालातही हाच शब्द येतो आणि दरवर्षी घराघरांत घोळ घालतो.

शाळेच्या मैदानावर शंभर मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी करा, सर्वांत बुटकं मूल एका टोकाला. तुमचं मूल ८८व्या पर्सेंटाइलला आहे म्हणजे रांगेतली साधारण ८८ मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्याहून कमी उंचीची आहेत. बस्स. मुलाची उंची किती ते यातून कळत नाही, रांगेतली जागा कळते.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: रांगेत कोण उभं आहे? चाचणी तयार करणारे आधी काही हजार मुलांना ती सोडवायला देतात आणि त्यांच्या गुणांवरून रांग आखतात. या मुलांना मानक गट म्हणतात. ही रांग इंग्रजी माध्यमातल्या महानगरी मुलांची असेल, तर मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीची जागा त्यात खाली दाखवली जाऊ शकते. ती कमी पडली म्हणून नव्हे, प्रश्न कळायला तिला वेळ लागला म्हणून. त्या रंगीत अहवालाची चाळीसच्या आसपास पानं मी उलटली. मानक गट कोणता, हे एकाही पानावर नव्हतं. मुखपृष्ठावर रॉकेट मात्र होतं.

कलिंगडाचं वजन आणि गोडी

चाचणी चांगली की वाईट हे ठरवायला दोन कसोट्या आहेत, आणि दोन्ही बाजारात रोज वापरायच्या आहेत.

एकच कलिंगड दोनदा तोललं आणि दोन्ही वेळा सव्वातीन किलो भरलं, तर काट्यावर विश्वास ठेवता येतो. याला विश्वसनीयता म्हणतात. आज तांत्रिक, पुढच्या महिन्यात ललित कला असं दाखवणारी चाचणी इथेच बाद होते. दुसरी कसोटी वैधतेची: चाचणी जे मोजते म्हणून सांगते, तेच मोजते का? काटा अगदी अचूक असला तरी त्यावरून कलिंगडाची गोडी कळत नाही. विक्रेता वजन दाखवून गोडीची हमी देत असेल, तर दोष काट्याचा नाही.

चांगल्या कलचाचण्या पहिल्या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. दुसऱ्या कसोटीवर त्यांची हद्द संपते ती इथे: त्या आजची ओढ सांगतात, बारा वर्षांनंतरचं यश सांगत नाहीत. पंधराव्या वर्षी पोराची ओढ बदलत असतेच, त्याचा आवाजसुद्धा अजून फुटत असतो. म्हणून "तुमचा पाल्य आयएएस अधिकारी होण्यास ९२ टक्के योग्य" असं वाक्य ज्या अहवालात असेल, तो अहवाल वह्यांना कव्हर घालायला वापरावा. कागद चांगल्या प्रतीचा असतो.

आणि बोटांच्या ठशांची चाचणी?

हीसुद्धा आता गावोगाव पोचली आहे. दहा बोटांचे ठसे घेतात आणि मूल कोणत्या क्षेत्रात चमकेल ते सांगतात. नावात 'मल्टिपल इंटेलिजन्स' असतं. त्यामुळे हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताची पुण्याई आयती मिळते. गार्डनर यांच्या मांडणीचा बोटांच्या ठशांशी काडीचा संबंध नाही.

बोटांवरच्या रेषा मूल पोटात असतानाच, पहिल्या काही महिन्यांत पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. म्हणून तर त्या ओळख पटवायला उपयोगी पडतात. पण ज्या रेषा शाळेच्या आधी, बोलण्याच्या आधी, जन्माच्याही आधी ठरल्या, त्यातून पोराला लेखाकर्म जमेल की नाही हे कळतं, याला शास्त्रीय पुरावा नाही. हात बघून भविष्य सांगणारा निदान दक्षिणा कमी घेतो.

न पाहिलेलं आवडणार कसं?

इथवर चाचणीच्या उणिवा सांगितल्या, त्या तशा किरकोळ आहेत. खरी अडचण पुढे आहे, आणि ती चांगल्यातल्या चांगल्या चाचणीलाही सुटलेली नाही. मूल आवडतं म्हणून ज्यावर खूण करतं, ते त्याने आधी कुठेतरी पाहिलेलं असावं लागतं.

मी दरवर्षी नववीच्या वर्गात एक खेळ घेतो. पाच मिनिटांत जेवढ्या कामधंद्यांची नावं आठवतील तेवढी लिहा. यादी साधारण तीच येते: शिक्षक, पोलीस, डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, वकील, बँकवाले, दुकानदार, फौजी, इंजिनिअर. अलीकडे यूट्यूबर वाढलाय. मग मी 'इंजिनिअर'ला गोल करतो आणि विचारतो, हा माणूस सकाळी दहा वाजता काय करत असतो? वर्ग शांत. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सही करत असतो, सर."

ज्या मुलाला इंजिनिअर सही करताना दिसतो, त्याची 'तांत्रिक' ओढ मोजून आपण नक्की काय मोजतो?

करिअर मार्गदर्शन ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०८मध्ये बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं. त्यांची मांडणी तीन पायांची होती: स्वतःला ओळखा, कामांना ओळखा, मग दोन्हींची सांगड विचारपूर्वक घाला. आपल्याकडे मुंबईत पारशी पंचायतीने १९४७मध्ये असं केंद्र सुरू केलं, आणि १९५०मध्ये मुंबई सरकारनेही. शिक्षणासाठी नेमलेले १९५२-५३चा मुदलियार आयोग आणि १९६४-६६चा कोठारी आयोग, दोघांनीही शाळेतल्या मार्गदर्शनाची बाजू घेतली. कोठारी आयोगाने तर त्याची सुरुवात प्राथमिक शाळेपासून व्हावी असं म्हटलं. म्हणजे कल्पनेचा तुटवडा कधी नव्हता. झालं इतकंच, की तीन पायांपैकी पहिल्यासाठी छापील चाचणी मिळाली, म्हणून तो पाय लांब झाला. दुसरा, कामांची ओळख, आखूड राहिला. त्यासाठी मुलांना वर्गाबाहेर न्यावं लागतं, आणि त्याची परवानगीपत्रं भरायला कुणाला वेळ नसतो.

एकदा आम्ही नेलं होतं, जवळच्याच आयटीआयमध्ये, फिटर आणि टर्नर विभागात. गणितात काठावर पास होणारा एक मुलगा लेथसमोर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रासमोर, खिळून उभा राहिला. तिथले निदेशक एक निमुळता दांडा कातत होते. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, याला ते टेपर म्हणतात. त्यांनी व्हर्निअरने दोन्ही टोकांचे व्यास मोजले, ०.०२ मिलिमीटरपर्यंत. मग दोन व्यासांतल्या फरकाला लांबीच्या दुपटीने भागलं आणि आलेल्या टॅनवरून कोन काढून तो यंत्रावर लावला. पोरगा माझ्याकडे वळला. "सर, हे त्रिकोणमितीचंच आहे की! मग तुम्ही झाडाची आणि बुरुजाची उंचीच का काढायला लावता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या पुढच्या चाचणीत गणित एकदम सुधारलं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. पण टॅन कुठे लागतो हे त्याला कळलं, आणि लेथ हे काय असतं हेही. आता त्याने 'तांत्रिक'समोर खूण केली असती तर त्या खुणेला काही अर्थ असता.

शिवणीत माया

जून महिन्यात शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला हमखास सांगते, "माया ठेवा हो, पोरगं वाढतंय." शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतं. मापं शिंपी घेतोच, पण मापाला बरोबर शिवत नाही.

चाचणी म्हणजे मापं. दहावीनंतरची निवड म्हणजे शिवण. पंधराव्या वर्षी मूल काय होणार हे ठरवायचं नसतं. या वाटेने गेल्यावर पुढे काय उघडं राहतं, काय बंद होतं आणि परतायचं झालं तर किती वर्षं व किती पैसे लागतात, एवढं तपासायचं असतं. हा हिशेब कुणी मांडून देत नाही, म्हणून थोडा इथे मांडतो.

अकरावी विज्ञानाला गणित सोडलं की अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चरची दारं जवळजवळ बंद होतात. जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीयचं दार लोटलं जातं. मात्र २०२३पासून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र पूर्ण केलं तरी 'नीट' ही वैद्यकीयची प्रवेशपरीक्षा देता येते, म्हणजे त्याला कडी लागत नाही. दोन्ही विषय घेतले तर दोन्ही दारं उघडी, पण अभ्यासाचा बोजा मोठा. ज्या मुलाला दहावीलाच विज्ञान जड गेलं, त्याला "राहू दे दोन्ही" म्हणणं म्हणजे माया इतकी ठेवणं की शर्ट अंगावर बसेचना.

विज्ञान घेऊन बारावीनंतर कला किंवा वाणिज्यकडे येता येतं. उलटं जाणं सहसा जमत नाही. यावरूनच "आधी सायन्सला टाका, मग बघू" हा सल्ला निघतो. त्यात तथ्य आहे, पण त्याची किंमत सांगितली जात नाही: नको असलेल्या विषयांत गेलेली दोन वर्षं, क्लासची फी, आणि पन्नास टक्क्यांवर येऊन मोडलेला आत्मविश्वास. आणि पुष्कळ वाटांना शाखेची अट मुळातच नसते. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, सीएची पहिली परीक्षा, डिझाइनच्या पदवीचे बरेच अभ्यासक्रम, यांना बारावी कोणत्याही शाखेची चालते. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, आणि बहुतेक पदांना ती कोणत्या विषयाची हे कुणी विचारत नाही. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लष्करी शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवं.

दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनात गेलं तर तीन वर्षांत पदविका, म्हणजे डिप्लोमा. तिथून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. ही वाट आमच्या भागात बरीच ओळखीची आहे. कमी ओळखीची वाट आयटीआयची. दोन वर्षांचा ट्रेड करून संबंधित डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. म्हणजे फिटर झालेला मुलगा पायरी-पायरीने बीईपर्यंत पोचू शकतो. फार जण पोचत नाहीत, पण वाट बंद नाही. "आयटीआयला टाकलं म्हणजे शिक्षण संपलं" हे गावातलं वाक्य निदान कागदावर तरी खोटं आहे.

आणि एक, मुलींच्या पालकांसाठी. २०२४-२५पासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च उरतोच. तो आधी विचारून घ्यावा, कारण गावाकडची मुलगी शिक्षण सोडते तेव्हा कारण बहुधा फी नसतं, खोलीचं भाडं असतं.

"नव्वद टक्के पडलेत, मग आर्ट्स कशाला?"

हा आक्षेप रागाने येतो, म्हणून आधी त्यातला रास्त भाग मान्य करतो. दूरच्या गावातल्या कॉलेजात कला शाखेला शिकवणारे कमी, बसणारे त्याहून कमी. पालकांची भीती त्या इमारतीकडे बघून आलेली असते, ती खोटी नाही. पण मग शंका कॉलेजवर घ्या, विषयावर कशाला? नव्वद टक्के ही शक्ती आहे, दिशा नव्हे. भरलेली टाकी कुठल्या गावाला जायचं ते सांगत नाही. ज्या मुलीला इतिहास आणि नागरिकशास्त्रात गोडी आहे, जिची भाषा चांगली आहे, तिने शहरातल्या चांगल्या कॉलेजात कला शाखा घेणं हा वेडेपणा नव्हे. आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला, त्या श्रेणीचे दहावीत मिळणारे वाढीव गुण घेऊन झाल्यावर "आता ते चित्रबित्र बंद" असं सांगताना आपण थोडं थांबावं. मुंबईचं सर ज. जी. कलामहाविद्यालय १८५७पासून उभं आहे. चित्रकलेच्या पदवीसाठीही सीईटी असते, हे कितीजणांना ठाऊक आहे?

"इतके पर्याय दाखवले तर पोर गोंधळेल"

गोंधळेल. चार दिवस गोंधळू द्या. दहावीच्या जूनमध्ये गोंधळ महाग पडतो, आठवीच्या नोव्हेंबरमध्ये फुकट असतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं, असं म्हटलंय ते याचसाठी. सगळी तयारी निकालाच्या आठवड्यात कोंबली की मग चाचणी विकणाऱ्याचं फावतं.

इथे थोडं कडू बोलतो. निकालानंतरची बरीच 'मोफत मार्गदर्शन शिबिरं' खाजगी क्लास किंवा कॉलेज भरवतात. चहा चांगला असतो, वक्ताही चांगला असतो, आणि शेवटी सगळ्या वाटा त्याच क्लासच्या दारात येऊन थांबतात. बोलावलं तर जावं, ऐकावं. फक्त सभागृहाचं भाडं कुणी भरलंय हे बघून ठेवावं.

"आमच्या गावात समुपदेशक कुठून आणायचा?"

प्रशिक्षित समुपदेशक असावाच, आणि तो मागत राहायला हवं. पण तो येईपर्यंत दुसरा पाय, म्हणजे कामांची ओळख, आपणच लांब करू शकतो, कारण कामं करणारी माणसं गावात आहेतच. महावितरणचा तंत्रज्ञ, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातली लॅब टेक्निशियन, सोसायटीचा सचिव, रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर, शेततळ्याचं अस्तरीकरण करणारा कंत्राटदार. आठवीच्या मुलांना जोडीजोडीने त्यांच्याकडे पाठवा. सकाळी आल्या आल्या पहिलं काम काय करता? कुठलं काम कंटाळवाणं वाटतं? कुणाची बोलणी खावी लागतात? इथवर कसे पोचलात, काय शिकलात, मध्ये काय सोडलंत? पगार थेट विचारायला मुलं लाजतात. त्यांना "नव्या माणसाला सुरुवातीला किती मिळतात?" असं विचारायला शिकवावं, कुणीही सांगतं. यातून येणारी चार पानं कुठल्याही रंगीत अहवालाहून जास्त उपयोगाची, असं माझं मत आहे.

मग कागदाचं ऐकायचं की पोरीचं?

त्या दिवशी मी वडिलांना म्हटलं, "दादा, कागद ठेवा बाजूला. जरा तिच्याशी बोलू द्या." तिला विचारलं, नर्सच का? म्हणाली, मावशी नर्स आहे. आणखी विचारल्यावर कळलं, घराबाहेर पगारावर काम करणारी तिच्या नात्यातली ती एकटीच बाई. म्हणजे तिला बहुधा नोकरी करणारी बाई व्हायचं होतं, आणि त्या बाईचा एकच नमुना तिने पाहिला होता. मग विचारलं, सुट्टीत काय केलंस? तेव्हा ती खुलली. घरकुलाचं बांधकाम चालू होतं. सिमेंटच्या पोत्यांची वही तिच्याकडे होती. गवंडीमामांनी स्लॅबला पोती जास्त सांगितली म्हणून तिने लांबी-रुंदी-जाडीचं घनफळ काढून त्यांच्याशी वाद घातला होता. "आणि सर, तीन पोती उरली," वडील मध्येच म्हणाले. हे त्या अहवालात कुठल्याच पानावर नव्हतं.

मी काही ठरवून दिलं नाही. मावशीसोबत दोन दिवस दवाखान्यात जाऊन बस, आणि जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकात सिव्हिलचं वर्कशॉप बघून ये, एवढंच सांगितलं. अर्ज मात्र दोन्ही भरायला लावले: तंत्रनिकेतनाचा, आणि अकरावी विज्ञानाचा गणित व जीवशास्त्र दोन्ही घेऊन. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या असल्याने एकीत भरलं म्हणून दुसरीतून नाव जात नाही.

ती दोन्हीकडे जाऊन आली. दवाखान्याबद्दल म्हणाली, "मावशीला बसायलाच मिळत नाही हो सर." नको म्हणाली नाही, पण पुढे काही बोललीही नाही.

जुलैत वडिलांचा फोन आला. पाठीमागे एसटी स्टँडचा गलका होता. "सर, ते पॉलिटेक्निकच्या ड्रॉइंगला लागतं ते मिनी ड्राफ्टर म्हणजे काय असतं? दुकानदार दोन प्रकारचे दाखवतोय. आणि मागच्या वर्षीच्या पोरांकडं जुना मिळंल का?"